‘अर्थ’मधली चार एकटी माणसे



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय झाले, नाटक झाले, सीमाभागाचा इतिहास झाला. यंदाचे हे पुष्प गुंफायला तुम्ही एका होमिओपॅथिक डॉक्टरला बोलावलेत, आणि त्याने विषय निवडला तो एक जुना हिंदी चित्रपट. ‘साहित्य मंडळात सिनेमा कशाला?’ असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर सोपे आहे. आमच्या शास्त्रात रोग्याची हकिकत ऐकून घेण्याला फार महत्त्व आहे. नुसते डोके दुखते म्हणून भागत नाही. केव्हा दुखते, कुणाजवळ असताना थांबते, झोप कशी लागते, स्वप्ने कसली पडतात, मनात कसली भीती आहे, हे सगळे विचारावे लागते. पहिल्या भेटीला तासभर सहज जातो. पस्तीसहून अधिक वर्षे या हकिकती ऐकत आल्यामुळे गोष्ट ऐकण्याची मला सवय लागली आहे. ‘अर्थ’ ही तशीच एक हकिकत आहे असे मी मानतो, आणि ती तुमच्यापुढे मांडतो.

‘अर्थ’ १९८२ सालचा. दिग्दर्शक महेश भट्ट. शबाना आझमी, स्मिता पाटील, कुलभूषण खरबंदा, राज किरण आणि आपल्या रोहिणी हट्टंगडी यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. शबानाबाईंना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कैफी आझमींच्या गझला आणि जगजीत सिंग-चित्रा सिंग यांचे आवाज आपल्यापैकी अनेकांच्या घरी अजून कॅसेटवर असतील, कॅसेट वाजवायचे यंत्र मात्र नसेल!

कथा थोडक्यात सांगतो. पूजा अनाथ म्हणून वाढलेली. स्वतःचे घर असावे, एवढीच तिची हौस. मुंबईत भाड्याची जागा सोडायची वेळ येते तेव्हा ती कासावीस होते. मग एके दिवशी नवरा इंदर नव्या फ्लॅटची किल्ली तिच्या हातात ठेवतो. तिला आकाश ठेंगणे होते. पुढे तिला कळते, की इंदरचे कविता नावाच्या नटीशी संबंध आहेत आणि या फ्लॅटमागे त्याच नात्यातून आलेला पैसा आहे. इंदर कविताकडे निघून जातो. पूजा तो फ्लॅट सोडून बायकांच्या वसतिगृहात राहायला जाते, नोकरी धरते. राज नावाचा गायक तिचा मित्र होतो. तिकडे कविताचे मन ढासळत जाते आणि शेवटी ती इंदरला दूर करते. इंदर पूजाकडे परत येतो. पूजा त्याला घरात घेत नाही. राजने लग्नाची मागणी घातलेली असते, तीही ती स्वीकारत नाही.

या चित्रपटाविषयी बहुतेक लेखांत एकच गोष्ट येते, ती म्हणजे पूजाचा स्वाभिमान. ते खरे आहे आणि त्याचे मोल मोठे आहे. पण मला या चित्रपटात चार एकटी माणसे दिसतात. त्यांपैकी एकीवर आपण टाळ्या वाजवतो आणि उरलेल्या तिघांना तिच्या गोष्टीतले सामान समजतो. आज मला त्या चौघांविषयी बोलायचे आहे.

पहिली अर्थातच पूजा. लहानपणी जिला घर मिळाले नाही तिच्या मनात घर म्हणजे चार भिंती राहत नाही. दाराला आतून कडी लावली, की आपल्याला कुणी बाहेर काढणार नाही, ही खात्री म्हणजे तिचे घर. म्हणून किल्ली हातात पडते तेव्हाचा तिचा आनंद पाहताना आपल्यालाच धास्ती वाटते. ज्या माणसाच्या सुखाचा सगळा भार एकाच खुंटीवर टांगलेला असतो, त्याची ती खुंटी निखळली की सगळेच खाली येते. पूजाचेही तसेच होते. पार्टीत दारू पिऊन, चारचौघांत ती कविताला नाही नाही ते बोलते, तो प्रसंग सगळ्यांना आठवत असेल. सुशिक्षित घरातल्या प्रेक्षकांना तो बघताना अवघडल्यासारखे होते. पण दुःखाला रीतभात नसते, हे आम्हा डॉक्टरांना रोज दिसते.

पूजाचे पुढचे पाऊल मला जास्त महत्त्वाचे वाटते. ती तो फ्लॅट सोडते. ज्या गोष्टीसाठी जन्मभर झुरली तीच गोष्ट, तिच्यात खोट आहे हे कळल्यावर, ती ठेवून घेत नाही. वसतिगृहातली एक खाट आणि महिन्याचा पगार एवढ्यावर ती उभी राहते. मुंबईसारख्या शहराने एक गोष्ट मात्र चांगली केली. एकट्या बाईला राहायला अशी एखादी खोली आणि पोटापुरते काम तिथे शोधून मिळू शकत होते. हीच पूजा १९८२ साली आपल्या गावात असती तर कुठे राहिली असती, याचा विचार आपण करावा. माहेर नसलेल्या बाईला आपल्याकडे तेव्हा जागा नव्हती. माहेर असलेल्या बाईलाही ‘परत कधी जाणार?’ हा प्रश्न रोज ऐकावा लागत होता. आजही लागतो.

दुसरी एकटी म्हणजे कविता. तिच्यावर आपण सगळ्यांनी अन्याय केला आहे. तिच्याकडे नाव आहे, पैसा आहे, घर आहे. पूजाला जे हवे ते सगळे तिच्यापाशी आहे, आणि तरी ती एका क्षणाचीही निश्चिंती अनुभवत नाही. इंदर जवळ असला तरी तो जाईल ही भीती. पूजाने घटस्फोटाच्या कागदावर सही करावी म्हणून तिचा आग्रह, आणि तो प्रश्न मिटू लागतो तसा तिचा संशय उलट वाढतच जातो. इंदर तिला औषध म्हणून हवा होता, आणि त्या औषधाची मात्रा दिवसेंदिवस वाढवावी लागत होती. माणूस माणसाचा आधार होऊ शकतो. पण माणसाला औषधाची गोळी करून चालत नाही. तशी गोळी केली की घेणारा बरा होत नाही आणि ज्याची गोळी केली तो झिजत जातो. या चित्रपटातले ‘अफेअर’ विनाशक ठरते ते पापाची शिक्षा म्हणून नाही, या कारणाने. दोन बुडणारी माणसे एकमेकांच्या गळ्याला धरतात, एवढेच तिथे घडते.

इथे डॉक्टर म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कविताला दिसते तसा आजार असलेला रोगी माझ्याकडे आला, तर मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो. माझ्या पेटीतल्या गोड गोळ्यांवर त्याला थांबवून ठेवणे म्हणजे त्याचा वेळ घालवणे होय. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आपल्यापासून दोन तासांच्या आत आहे. तरी तिथे जायचे म्हटले की घरचे विचारतात, ‘डॉक्टर, तिला वेड लागलंय काय ओ?’ १९८२ साली आपल्या देशात मनाच्या आजारासाठी जो कायदा चालू होता तो १९१२ सालचा होता आणि त्याच्या नावातच ‘लुनसी’, म्हणजे वेड, हा शब्द होता. १९८७ साली नवा कायदा झाला, तो १९९३ मध्ये अमलात आला, आणि २०१७ साली पुन्हा नवा कायदा झाला. कायद्यातून तो शब्द जाऊन तीन दशके उलटली. आपल्या बैठकीच्या खोलीतून तो अजून गेलेला नाही.

या कथेचा आधार आपल्याच आयुष्यात आहे, हे महेश भट्ट यांनी अनेकदा सांगितले आहे. कवितामागे परवीन बाबी यांची सावली आहे. १९७६ साली ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेली ही अभिनेत्री. ज्या रोग्याला आपण तपासलेले नाही त्याच्या आजाराला डॉक्टरने नाव देऊ नये, म्हणून मी ते देत नाही. पण त्यांचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. जानेवारी २००५ मध्ये मुंबईतल्या त्यांच्या फ्लॅटच्या दारात दुधाच्या पिशव्या आणि वर्तमानपत्रे साठली. ती कुणी उचलत नाही हे लक्षात आल्यावर दार उघडले गेले आणि त्या गेल्याचे कळले. श्रोतेहो, त्या इमारतीत माणसे होती. लिफ्ट होती, वॉचमन होता. ज्या चेहऱ्याला कोट्यवधी लोक ओळखत होते, त्या चेहऱ्याची चौकशी करायला मात्र कुणी नव्हते. ती चौकशी शेवटी दारातल्या दुधाच्या पिशव्यांनी केली. शहरातले एकटेपण म्हणजे काय, हे मला याहून नेमके सांगता येणार नाही.

तिसरा एकटा इंदर. त्याला एकटा म्हटले याचे काहींना आश्चर्य वाटेल. दोन दोन घरे असलेला माणूस एकटा कसा? पण नीट पाहा. हा माणूस एक रात्रही स्वतःबरोबर राहू शकत नाही. पूजाच्या घरातून निघतो तो सरळ कविताच्या घरी, आणि कविताने दार लावले की पुन्हा पूजाच्या दारात. स्वतःचे असे त्याच्याकडे काहीच नाही. परत आल्यावर पूजा त्याला एकच प्रश्न विचारते : हेच मी केले असते, तर तू मला परत घेतले असतेस का? तो ‘नाही’ म्हणतो. या एका शब्दासाठी मी इंदरला थोडे गुण देतो. तो खोटे बोलू शकला असता. अशा वेळी खोटे बोलून पुन्हा घरात येणारे पुरुष आपण पाहिलेले आहेत. त्यांच्या मुलांच्या लग्नांत आपण जेवलेलोही आहोत.

कायद्याची बाजूही ऐका. त्या काळी भारतीय दंड विधानात ४९७ हे कलम होते. विवाहित स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषावर त्या स्त्रीचा नवरा तक्रार करू शकत असे. पत्नीला मात्र आपल्या नवऱ्याविरुद्ध त्या कलमाखाली काहीच करता येत नव्हते. कविता अविवाहित, म्हणजे इंदरने त्या कलमाखाली गुन्हाच केला नव्हता. हे कलम बायकोला नवऱ्याची मालमत्ता समजत होते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ते रद्द केले. म्हणजे १९८२ साली पूजाच्या हाती या कलमाचे बळ नव्हते, आपली एक सही मात्र होती. ती द्यायची किंवा द्यायची नाही, हा तिचा अधिकार.

चौथी एकटी आहे पूजाकडे काम करणारी बाई. रोहिणी हट्टंगडींनी ती साकारली आहे. त्याच वर्षी त्या ‘गांधी’ चित्रपटात कस्तुरबा झाल्या होत्या. एकाच वर्षात कस्तुरबा आणि ही मोलकरीण, दोन्ही तितक्याच खऱ्या वाटतात. या बाईचा नवरा दारुडा, मारझोड करणारा, त्याचीही दुसरी बाई आहे. इंदरने जे गोड बोलून केले ते हा शिव्या देऊन करतो, इतकाच फरक. बाईचे सगळे लक्ष मुलीच्या शाळेवर. तिच्या प्रवेशासाठी पै पै साठवलेले पैसे नवरा चोरून पिऊन टाकतो. त्या दिवशी ही बाई त्याला ठार मारते आणि स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन उभी राहते. तिथे तिला काळजी एकच, मुलीचे काय होणार. पूजा त्या मुलीला आपल्याकडे घेते.

पूजाला एकटेपण जाणवायला, रडायला निदान खोली होती. या बाईला तीही नव्हती. तिचे एकटेपण धुणेभांड्यांच्या आवाजात बुडालेले. आपल्या घरी येणाऱ्या बाईच्या पाठीवरचा वळ आपण पाहतो आणि ‘पडली असेल’ म्हणतो. चित्रपटात तिच्याकडे कुणाचे लक्ष जाते ते शेवटी, रक्त सांडल्यावर. महेश भट्ट यांनी तिला पूजाच्या कथेशेजारी मुद्दाम ठेवले आहे. म्हणजे फसवणूक ही काही फक्त फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची दुखणी नव्हे, हे आपल्याला दिसावे.

आता आपल्या मराठीकडे येतो. त्याच १९८२ साली जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ आला. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा. त्यात स्मिता पाटील यांनी सुलभा महाजन उभी केली. महिलाश्रमाच्या कामासाठी घर सोडून गेलेली सुलभा परत येते, तेव्हा तिच्या गैरहजेरीत नवऱ्याचे दुसरीकडे संबंध जुळलेले असतात. सुलभा पुन्हा घराबाहेर पडते. म्हणजे एकाच वर्षात स्मिताबाईंनी उंबरठा ओलांडणारी पत्नीही केली आणि दुसऱ्या बाईच्या संसारात आलेली नटीही केली. सुलभाला आपण डोक्यावर घेतले. कविताला आपण विसरलो. वास्तविक दोघींच्या डोळ्यांत तीच एक कलावती आहे, आणि तिने दोघींना सारखीच माया दिली आहे. कवितासाठी तिने आपल्याकडे दया मागितली नाही. फक्त तिची भीती खरी करून दाखवली. १३ डिसेंबर १९८६ रोजी स्मिताबाई गेल्या. एवढ्या अल्प आयुष्यात त्यांनी ‘चांगली बाई’ आणि ‘वाईट बाई’ या दोन पाट्या आपल्या हातातून काढून घेतल्या होत्या. आपण त्या पुन्हा लिहून काढल्या.

शेवटाविषयी अजून वाद होतो. पूजा राजला का नाकारते? राज चांगला माणूस आहे. त्याच्या गाण्यात तिच्या हसण्याआडचे दुःख त्याने ओळखलेले आहे. माझ्या ओळखीच्या अनेक वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की मुलीने उगाच हट्ट केला, बिचारीचे भले झाले असते. मला यात माझ्या घरच्या संस्कारांतून आलेली एक गोष्ट उपयोगी पडते, म्हणून सांगतो. आम्हा जैनांत बारा भावना किंवा अनुप्रेक्षा चिंतनासाठी सांगितल्या आहेत. तत्त्वार्थसूत्रात त्यांची यादी आहे, आचार्य कुंदकुंदांनी त्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. त्यांतली चौथी भावना एकत्वाची. जीव एकटा येतो, एकटा भोगतो, एकटा जातो. लहानपणी आजी ही भावना सांगायची तेव्हा मला ती फार उदास वाटे. पुढे दवाखान्यात बसल्यावर समजले, की एकत्व आणि एकटेपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकटेपण म्हणजे ‘मला कुणी नाही’. एकत्व म्हणजे ‘मी आहे’. ज्याला दुसरे वाक्य म्हणता येते तोच माणूस, हिसकावून न घेता, दुसऱ्याजवळ बसू शकतो.

पूजा सुरुवातीला पहिले वाक्य म्हणत होती. शेवटी ती दुसऱ्या वाक्यापर्यंत पोहोचली, पण नुकतीच पोहोचली. त्या क्षणी राजचा हात धरला असता तर पुन्हा एका खुंटीवर सगळा भार गेला असता. म्हणून ती थांबते. लग्न वाईट म्हणून ती थांबलेली नाही. आणि लक्षात घ्या, ती एकटी राहतही नाही. त्या बाईची मुलगी तिच्याबरोबर आहे. सगळे जीव एकमेकांच्या उपयोगी पडण्यासाठी आहेत, हेही त्याच तत्त्वार्थसूत्राचे सांगणे आहे. एकत्वाची भावना आणि परस्परांचा उपकार, दोन्ही एकाच ग्रंथात आहेत. यांतले एकच उचलून दुसरे सोडले, की माणूस एक तर दगड होतो नाही तर कविता होतो.

आता आपल्या घरांकडे बघू या. आपण इथे पिढ्यान्पिढ्या राहिलेली मराठी माणसे. वाडे मोठे, माणसे कमी. मुले पुण्याला, बंगळूरला, काही अमेरिकेत. माझ्या दवाखान्यात काही वयस्कर मंडळी औषध संपलेले नसतानाही येतात. एक आजी एकदा म्हणाल्या, ‘घर खायला उठतंय बघा डॉक्टर, म्हणून आले.’ औषध द्यायला माझ्याकडे काही नव्हते. चहा मागवला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली सांगितले, की जगात सहांपैकी एक माणूस एकटेपणाने ग्रासलेला आहे. ब्रिटनने २०१८ सालीच या प्रश्नासाठी मंत्री नेमला. पण आमच्या आजींकडे मंत्री येणार नाही. गेले तर आपणच जायला हवे.

आणि केवळ म्हातारी माणसे नाहीत. मोडलेल्या लग्नातून परतलेली मुलगी, मोठ्या शहरात खोली घेऊन राहणारा तुमचा मुलगा, ज्याच्याविषयी काही कानावर आले म्हणून आपण ज्याच्याशी बोलणे टाकले तो पुतण्या, हीही माणसे त्यात आली. ज्या नात्याने आपले नुकसान होते आहे हे कळते, त्या नात्यातही माणसे राहतात. कारण बाहेर आले तर बोलायला कुणी नाही, ही भीती त्याहून मोठी असते. आपण नुसती नीती सांगितली तर ती भीती वाढते. दार उघडे ठेवले तर ती कमी होते. उघड्या दारातून माणूस परत येऊ शकतो.

म्हणून मंडळाला माझी विनंती आहे. वाचनालयाच्या खोलीत आठवड्यातून एक दुपार केवळ गप्पांसाठी ठेवावी. सभासदांच्या यादीतून एकट्या राहणाऱ्यांची नावे काढावीत आणि दर आठवड्याला कुणीतरी त्यांच्या घरी डोकवावे. दवाखान्यातून सवड काढून एक दुपार मी बसेन. फलकावर १४४१६ हा सरकारच्या मानसिक आरोग्य साहाय्यसेवेचा क्रमांक लावावा. ही सेवा मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. याला खर्च काहीच नाही.

‘अर्थ’ पुन्हा पाहा. पूजासाठी टाळी वाजवाच. पण कविता घरात एकटी फेऱ्या मारत असेल, त्या वेळी चित्रपट क्षणभर थांबवा आणि आपल्या ओळखीत अशा फेऱ्या मारणारे कोण आहे, ते आठवून पाहा. आठवले तर उद्या सकाळी त्याच्या दारावरची बेल वाजवा. दूध उचलले आहे का, तेवढे तरी पाहा.